राखणदारांची हजेरी

कोल्हापुरातून पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले की रजपूतवाडीजवळ सोनतळी येते आणि पुढे केर्लीपाशी जोतिबाचा फाटा फुटतो. चैत्र पौर्णिमेच्या आसपास या रस्त्याला रात्र ठाऊक नसते. खांद्यावर सासनकाठ्या घेतलेली माणसे, हलगीचा कडकडाट, गुलाल आणि ‘चांगभलं’चा गजर पहाटेपर्यंत चालू असतो. सातारा, सांगली, सोलापूर, बेळगाव अशा मुलखांतली गावेच्या गावे वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगराकडे निघालेली असतात. शंभर वर्षांपूर्वीही ती अशीच येत होती. फक्त त्या गावांत काही घरे अशी होती, की तिथल्या माणसाला अंधार पडल्यावर शीव ओलांडायची तर आधी पाटलाला सांगावे लागे. मग ती जत्रा असो, सोयऱ्याचे लग्न असो की मयत. त्यांच्या नावांची यादी चावडीत असे. दिवस मावळला की यादी वाचली जाई आणि ज्याचे नाव निघेल त्याने ‘हजर’ म्हणायचे. गैरहजर असेल, तर गावात चोरी झालेली असो वा नसो, सकाळी त्याच्या दारात शिपाई उभा राही.

या पद्धतीला हजेरी म्हणत. १९१८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड या जातींची हजेरी बंद केली. सारा मुलूख ज्यांना चोर म्हणून हुसकावत होता, त्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या आपल्या कॅम्पवर आसरा दिला, पहाऱ्याची कामे दिली. जोतिबाच्या वाटेवरची ही सोनतळी म्हणूनच एका मोठ्या आणि फारशा न सांगितल्या गेलेल्या इतिहासाच्या मध्यावर उभी आहे. सूर्य मावळल्यावर कोणी कुठे असायचे, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता, त्याचा हा इतिहास.

त्याच काळात अमेरिकेत हाच अधिकार वेगळ्या रीतीने गाजवला जात होता. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली. पण १८९० ते १९४० या अर्धशतकात, विशेषतः उत्तरेत आणि पश्चिमेत, शेकडो गावांनी स्वतःला केवळ गोऱ्यांची गावे बनवले. कृष्णवर्णीय माणूस दिवसा तिथे कामाला येऊ शके, दुकानात खरेदी करू शके, पण सूर्यास्ताच्या आत त्याने गावाबाहेर पडले पाहिजे. कित्येक ठिकाणी वेशीवर तसे फलकच लावलेले असत. जेम्स लोवेन या समाजशास्त्रज्ञाने २००५ मध्ये या ‘सनडाउन टाउन्स’वर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा खुद्द अमेरिकनांनाही या गावांची संख्या पाहून धक्का बसला. अनेक गावे आधी मिश्र वस्तीची होती, हे त्याने दाखवून दिले. जॉर्जिया राज्यातल्या फोर्साइथ काउंटीत १९१० च्या जनगणनेत १,०९८ कृष्णवर्णीय होते. १९१२ च्या शरद ऋतूत एका गोऱ्या मुलीच्या खुनानंतर घोडेस्वारांच्या टोळ्या रात्री घरोघर फिरल्या, घरे आणि चर्च पेटली आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळे परागंदा झाले. त्यांच्या मागे राहिलेली शेते शेजाऱ्यांनी बळकावली.

ही वागणूक केवळ कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली असे नाही. नेवाडा राज्यात मिंडेन गावी रोज संध्याकाळी सहाला भोंगा वाजे. डग्लस काउंटीने १९१७ मध्ये नियम केला होता, की मूळ रहिवासी वॉशो लोकांनी साडेसहापूर्वी गाव सोडावे. तो नियम रद्द व्हायला १९७४ साल उजाडले. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना, बहुतेक पंजाबी शिखांना, झोपेतून उठवून मारहाण करत रस्त्यावर आणले. सुमारे दोनशे हिंदी मजूर काही दिवसांतच ते शहर सोडून गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शिकत आणि मजुरी करत होते. पुढे गदर चळवळीत उतरलेल्या या पिढीने परक्या देशातले हे हाकलणे जवळून पाहिले होते.

अमेरिकेत माणसाला सूर्यास्ताला गावाबाहेर काढत. महाराष्ट्रात त्याची गरज नव्हती, कारण इथे त्याचे घर आधीपासूनच गावाबाहेर होते. महारवाडा, मांगवाडा वेशीच्या पलीकडे, रामोशाचे घर कडेला, पारध्याची पाले त्याहून लांब माळावर. तरीही रात्रीचा गाव यांच्याच हाती असे. वेसकर महार संध्याकाळी गावाची वेस लावी आणि पहाटे उघडी. आल्यागेल्याची खबर ठेवणे, परक्या माणसाला हटकणे, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवणे ही त्याची कामे. रामोशी रात्रभर गस्त घाली. चोरी झाली तर माग काढायचा तो रामोशाने. माग शिवेपाशी तुटला तर पुढची जबाबदारी शेजारच्या गावच्या रामोशाची. आपल्या हद्दीत चोर सापडला नाही तर नुकसान भरून देण्याची जोखीमही त्याच्यावर येई. वतनाची जमीन, बलुत्याचे धान्य आणि सणाचे मागणे हा या राखणीचा मोबदला होता. ज्याच्या हातचे पाणी गाव पीत नसे, त्याच्या भरवशावर गाव झोपत असे.

किल्ल्यांवरही तेच. गडाच्या माथ्यावर मराठा हवालदार, तर घेऱ्याच्या रानात, मेटांवर आणि चौक्यांवर रामोशी, महार, मांग, बेरड. मोठ्या गडाची रात्र या माणसांच्या डोळ्यांवर आणि कानांवर उभी असे. जोतिबाच्या डोंगरावरून समोर दिसणारा पन्हाळाही याला अपवाद नव्हता.

पेशवाईतल्या पुण्याने मात्र सूर्याचा हिशोब अगदी उघडपणे केला. महार-मांगांनी दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी शहराच्या वेशीत यायचे नाही, अशी बंदी होती. सकाळी आणि संध्याकाळी सावल्या लांब पडतात, ती लांब सावली उच्चवर्णीयावर पडली तर विटाळ होईल, हे त्यामागचे कारण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसेल आणि हिरालाल यांनी आणि १९३२ मध्ये समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी आपल्या ग्रंथांत ही बंदी नोंदवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या त्या गावांत निदान सारा दिवस मोकळा होता. पुण्यात दिवसाचेही दोन्ही काठ कापलेले होते.

मग राज्य बदलले आणि राखणदारांची गरजच संपत गेली. १८१८ नंतर इंग्रजांनी गडांवरची शिबंदी मोडली, वतने तपासली, पोलीस नेमले. पुरंदरच्या रामोशांची राखण आणि त्यावरचे हक्क गेले तेव्हा उमाजी नाईक बंड करून उठले. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली. कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला. गडाची चाकरी आणि तिच्या मोबदल्यातल्या जमिनी काढून घेतल्या जाणार, हे दिसताच सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी काही दिवस पन्हाळ्यावर बंडवाल्यांच्या कैदेत होता. त्या वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी तोफा लावून पन्हाळा घेतला आणि पुढे या किल्ल्यांची तटबंदी ठिकठिकाणी पाडली. गडाखालच्या मेटांवरचा माणूस बेकार झाला. त्याला रानातली प्रत्येक वाट माहीत होती, अंधारात चालता येत होते, माग लपवता आणि काढता येत होता. कालपर्यंत हे कसब होते. नव्या राजवटीच्या वहीत ते गुन्ह्याचे लक्षण ठरले.

१८७१ मध्ये कलकत्त्याच्या सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुतारकी जशी बापाकडून मुलाकडे येते तशी काही जातींत चोरी वंशपरंपरेने येते, ही त्यामागची धारणा. आधी तो उत्तरेत लागू होता. १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्या माणसांची नोंदणी होई, बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी पोलिसाकडे किंवा पाटलाकडे हजेरी द्यायची, राहण्याचे ठिकाण बदलायचे तर कळवायचे, हद्दीबाहेर जायचे तर दाखला घ्यायचा. दाखल्याशिवाय सापडला तर अटकेला वॉरंटाची गरज नाही. अमुक एका माणसाने काय केले, हा प्रश्नच नव्हता. तो कुणाच्या पोटी जन्मला, एवढे पुरे होते. संस्थानांतली व्यवस्थाही थोड्याफार फरकाने याच वळणाची होती.

हजेरीने काय होते, हे समजायला कायद्याची कलमे पुरेशी नाहीत. ज्याला रोज संध्याकाळी चावडीत उभे राहायचे आहे, तो चार कोसांवरच्या गावी मजुरीला जाऊ शकत नाही, मोठ्या बाजारला जाऊन त्याच दिवशी परतू शकत नाही. साहजिकच तो गावातल्याच सावकाराच्या आणि पाटलाच्या शेतावर, ते देतील त्या मजुरीवर राबतो. हजेरी लिहिणाऱ्याच्या हातात त्याची रात्र असते, त्यामुळे दिवसाची वेठही त्याला नाकारता येत नाही. गैरहजेरी लावण्याच्या धाकावर सरपण, कोंबडी, फुकटची राबणूक उकळता येते. राखणदाराला कैदी करून गावाने फुकटचा मजूरही मिळवला.

वारणेच्या खोऱ्यात वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी १९२० मध्ये जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांनी हे जग आतून पाहिले होते. ‘फकिरा’ या त्यांच्या कादंबरीत इंग्रजी अंमलातली मांगांची हजेरी ही कथानकाची एक मुख्य कळ आहे. ज्या मांगाच्या तलवारीने गावाची इभ्रत राखली, त्यालाच गावच्या चावडीत रांगेत उभे केले जाते, आणि फकिराचे बंड तिथून पेट घेते. १९५९ मध्ये आलेली ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. बेळगाव भागातल्या बेरडांच्या वाट्याला आलेले पोलिसांचे फेरे भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ या आत्मकथनात मांडले, तर लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्ये जन्माने चोर ठरलेल्या मुलाचे बालपण मराठी वाचकापुढे ठेवले.

फिरत्या जमातींसाठी हजेरी पुरेनाशी झाली तेव्हा सरकारने वसाहती काढल्या. मुंबई इलाख्यात विजापूरपासून ही सुरुवात झाली. ओ. एच. बी. स्टार्ट हा सनदी अधिकारी या खात्याचा प्रमुख होता. सोलापूरची वसाहत त्यांत मोठी. काटेरी तारेच्या कुंपणात कैकाडी, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट, भामटे अशा जमातींची कुटुंबे आणून ठेवली. दिवसा त्यांनी सोलापूरच्या कापडगिरण्यांत काम करायचे, संध्याकाळी कुंपणाच्या आत परतायचे. गिरण्यांना बांधलेला मजूर मिळाला आणि सरकारला सुधारणेचे समाधान. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात.

ही सारी यंत्रणा मुंबई इलाख्यात वाढत असताना कोल्हापूरने उलटी दिशा धरली. १९१८ हे त्या दृष्टीने विलक्षण वर्ष. त्याच वर्षी महार वतन खालसा होऊन जमिनी रयतावा झाल्या, म्हणजे वतनापोटी गावाची वेठ करण्याचे बंधन सैल झाले, आणि त्याच वर्षी चार जातींची हजेरी गेली. हे दोन हुकूम एकत्र वाचले पाहिजेत. एकाने माणसाचा दिवस सोडवला, दुसऱ्याने रात्र. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि सरकारी इमारती अस्पृश्यांना खुल्या करण्याचे आदेश निघाले, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचे ठरले. अस्पृश्य तलाठी नेमले गेले. पूर्वी ज्याचे नाव दुसऱ्याच्या वहीत असे, त्याच्याच हाती गावाचे दप्तर आले.

हुकूम निघाला म्हणून गाव बदलते असे नाही, हे शाहू महाराजांना पक्के ठाऊक होते. राजवाड्यातला नोकर गंगाराम कांबळे याला सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला कोल्हापुरात चहाचे दुकान काढायला लावले. दुकानाचे नाव सत्यसुधारक हॉटेल. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. फासेपारध्यांना सोनतळीवर पहाऱ्याला ठेवण्यातही हीच रीत दिसते. ज्या हातांचा धाक घ्यायला राज्याने शिकवले होते, त्याच हातांत राजाने आपल्या छावणीची राखण दिली.

ब्रिटिश हद्दीतला रस्ता कसा होता, हे याआधीच्याच एका प्रवासात दिसते. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्या सोबतच्या मुलांना मसूर स्टेशनवर गाडीवान मिळेना. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरही दूर सरला. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. रात्र पडली, टोलनाक्यावर मुक्काम झाला. शिदोरी होती, पण पाणी कुणी दिले नाही, म्हणून मुले उपाशीच झोपली. पुढे १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ काढले. रात्री कुठे उतरायला मिळेल, कुठे जेवण मिळेल, त्याचे ते पुस्तक होते. कोरेगावच्या वाटेवरच्या मुलांना तसे काही नव्हते. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकलेल्या बाबासाहेबांना अमेरिकेतला भेद दिसला होता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. द्यु बोइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली.

एखाद्या जातीने सगळीच्या सगळी गाव सोडून जाणे, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे, आणि ते एकाच जातीच्या वाट्याला आलेले नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण असल्याचे कळताच कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरे आणि दुकाने पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. खेड्यापाड्यांतली अनेक कुटुंबे वाडे आणि जमिनी मागे टाकून पुण्या-मुंबईला गेली, बरीचशी परतली नाहीत. त्यांच्याजवळ शिक्षण होते आणि शहरात नातेवाईक होते. तीस वर्षांनी मराठवाड्यात हे दोन्ही नसलेल्यांवर पाळी आली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि खेड्यांत दलित वस्त्या जळू लागल्या. विहिरी बंद, मजुरी बंद, किराणा बंद. शेकडो कुटुंबे शहरांच्या कडेच्या झोपड्यांत आली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे, हा स्वतंत्र गुन्हा म्हणून घालावा लागला.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या दिवसापासून या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जातात. पण त्याच सुमारास राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. त्यांत जातीचे नाव नव्हते, तरी पोलीस ठाण्यातल्या जुन्या वह्या आणि जुन्या सवयी कायम राहिल्या. गावात घरफोडी झाली की पहिला फेरा अजूनही माळावरच्या पारधी पालांकडे वळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदावरचा निकाल देताना विमुक्त जमातींचा वेगळा उल्लेख केला. सराईत गुन्हेगार हा शब्द कायद्याच्या व्याख्येबाहेर वापरू नये, या जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये, असे आदेश दिले.

भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने नेमलेल्या दोन आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातलेच, बाळकृष्ण रेणके आणि भिकू इदाते. दोन्ही आयोगांपुढे एक तक्रार पुन्हा पुन्हा आली. जातीचा दाखला मिळत नाही, कारण कागद नाहीत. महाराष्ट्रात विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून राज्यात राहते, याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे नाव सरकारने रोज संध्याकाळी चावडीत लिहून घेतले, त्यांची नातवंडे आज तहसील कचेरीच्या खिडकीवर आपण इथेच राहत होतो हे सिद्ध करायला उभी आहेत.